यंत्राची तक्रार : तीनदा मोडलेला लिव्हर

प्रश्न : नाना, राम राम. रावेर तालुक्यात आमची केळी आहे, साडेचार एकर, त्यात निम्मी पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलावर धरलेलं पुढचं पीक. तीन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कारखान्याचा माल लिलावात निघाला, त्यात त्यांच्या बागेतलं गवत कापायचा छोटा अमेरिकन ट्रॅक्टर होता, गार्डन ट्रॅक्टर म्हणतात तो. पेट्रोलवर चालतो, जुना आहे पण इंजिन एकदम गोड. मी खालचं गवत कापायचं पातं काढून ठेवलं आणि मागे छोटी ट्रॉली लावली. कापणीच्या दिवशी घड बांधावर आणायला फार कामाचा आहे, मोठा ट्रॅक्टर ओळीत घुसत नाही आणि डोक्यावर घड वाहायला आता मजूर मिळतो कुठे. याला पायात क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, स्टिअरिंगजवळ एक लिव्हर आहे, पुढे ढकलला की पुढे, मधे आणला की उभा, मागे ओढला की मागे.

मागच्या महिन्यात मुलगा चालवत होता, लिव्हर मागे ओढायला गेला आणि तो कट्‌कन मुळातून हातात आला. गाडी आपली पुढेच चाललेली, घाबरून पोराला किल्ली सुचेना, दोन निसवलेली खोडं आडवी झाली तेव्हा थांबली. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं पाच मिनिटांत जोडून दिला, बादलीत बुडवून थंड करून हातात. चार दिवस चालला, मग परत तुटला, ते पण वेल्डिंगच्या शेजारी, वेल्डिंग तसंच शाबूत. दुसऱ्यांदा अजून जाड भरून घेतलं, ते आठ दिवस पुरलं. आता उरलेल्या दोन इंची खुंटाला व्हाइस ग्रिप, म्हणजे घट्ट चावून बसणारी पक्कड, लावून चालवतोय. शिवाय हल्ली खुंट मधे आणला तरी गाडी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत राहते. हा पार्ट कुठे मिळेल, नाही मिळाला तर वेल्डिंगला कोणता रॉड सांगू, आणि सरळ डबल जाडीचा बार लावून टाकला तर चालेल का?

उत्तर : भाऊ, राम राम. आधी ती व्हाइस ग्रिप काढा आणि लिव्हर नीट होईस्तोवर गाडी शेडमध्ये लावा. कापणी आहे हे मला कळतं, पण एकदा तुमच्या पोराच्या हातात लिव्हर आलाय, पुढच्या वेळी समोर खोडाऐवजी माणूस असेल.

हे असं का झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. तुमची गाडी हायड्रोस्टॅटिक आहे. इंजिन एक तेलाचा पंप फिरवतं, त्या पंपात छोटे पिस्टन राहतात आणि ते एका ताटलीला टेकून फिरतात. ताटली सरळ असली की तेल ढकललं जात नाही, गाडी उभी. ताटली एका अंगाला कलली की गाडी पुढे, दुसऱ्या अंगाला कलली की मागे, आणि जेवढी जास्त कलेल तेवढा वेग जास्त. लिव्हरचं काम एवढंच, ती ताटली कलवायची. आणि खड्ड्याधोंड्यात तो आपोआप हलू नये म्हणून त्याच्या शाफ्टवर घर्षणाच्या चकत्या, एक स्प्रिंग आणि एक नट राहतो, तो शाफ्टला जिथल्या तिथे धरून ठेवतो. म्हणून तुमचा लिव्हर तुटला तरी ताटली पुढच्याच जागेवर धरलेली राहिली आणि गाडी चालत राहिली, पोराची काही चूक नाही त्यात. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा पाय पूर्ण दाबला की आतली एक जोडणी शाफ्टला ओढून न्यूट्रलला आणते, ती तुमच्या गाडीत चालू आहे का बघा, जुन्या गाडीत ती बहुतेक गंजून नाहीतर कुणीतरी काढून टाकलेली राहते. चालू असो नसो, घरात जो कोणी गाडीवर बसेल त्याला शिकवा की काही बिनसलं तर ब्रेक आणि किल्ली, तिसरं काही नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय कोणता रॉड, मी विचारतो की लिव्हरला एवढा जोर लावायची वेळच का आली? चांगल्या गाडीत हा लिव्हर दोन बोटांनी नाही पण एका हातानं आरामात सरकतो, बसल्याजागी, खांदा न वापरता. तुमचा मुलगा ‘ओढायला गेला’ असं तुम्ही लिहिलंय, मला त्या शब्दातच उत्तर दिसतंय.

डबल जाडीच्या बारचं माझ्यावर गुदरलेलं सांगतो. धुळ्याला उस्तादांकडे काम शिकत होतो तेव्हा एका शाळेच्या मैदानावरची अशीच गवत कापायची गाडी आली होती, लिव्हर मुळात तुटलेला. मी नवाकोरा शहाणा, उस्ताद जेवायला गेलेले, मी तिथली सहा मिलीची पट्टी काढून बारा मिलीची ठोकून दिली आणि वर म्हटलं आता हत्ती लटकला तरी तुटणार नाही. आणि खरंच तुटली नाही. महिन्याभरानं गाडी परत आली तेव्हा लिव्हर ताठ उभा आणि पंपावरचा हात, म्हणजे ताटलीच्या शाफ्टवर बसतो तो तुकडा, पिळून गेलेला आणि सीलमधून तेल गळतंय. शाफ्टचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, गंजून धरला होता, तो मी बघितलाच नव्हता. लिव्हर मोडून गाडी सांगत होती की आत काहीतरी अडतंय आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं. पंप उघडावा लागला. उस्ताद ओरडले नाहीत, नुसते पंपाकडे बघून म्हणाले, ‘आते काय करशी?’ त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तर डबल बार नको. लिव्हर होता तेवढ्याच जाडीचा करा, तो तुटणं परवडतं, पंप तुटणं परवडत नाही.

काय अडतंय ते शोधायला अर्धा तास पुरतो. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाकाला दोन्ही बाजूनं दगड. लिव्हरच्या शाफ्टकडून पंपाकडे जो रॉड जातो तो पंपाच्या टोकाला सोडवा, तिथे स्प्लिट पिन किंवा बॉल जॉइंट राहतो. आता घर्षणाचा नट पण सैल करा आणि खुंट हलवून बघा. शाफ्ट मोकळा फिरायला पाहिजे, काही म्हणजे काही अडायला नको. जड लागला तर चोर सापडला, बुश कोरडा पडलाय किंवा गंजलाय, आणि तुमची गाडी कारखान्याच्या बागेत वर्षानुवर्षं पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी असणार, म्हणजे माझा पहिला संशय तिथेच. शाफ्ट मोकळा असेल तर पंपावरचा हात हातानं हलवून बघा. इंजिन बंद असताना तो थोडा जड राहतो, ते चालतं, पण पाना लावल्याशिवाय हलतच नसेल तर आतलं काम आहे, तिथे वेल्डिंगवाल्याचा काही उपयोग नाही. दोन्ही मोकळे असतील तर मग कुणीतरी तो घर्षणाचा नट जीव खाऊन आवळलेला असणार, लिव्हर आपोआप मागे यायला लागला की लोक तेच करतात.

आता मोडलेल्या तोंडाकडे बघा, पहिल्यांदा मोडलेला तुकडा असेल तर उत्तमच. उन्हात धरा. काही भाग काळपट-तांबूस, त्यावर शिंपल्यावर राहतात तशा बारीक गोल रेघा, आणि उरलेला भाग ताजा, चकचकीत, दाणेदार असेल तर तो लिव्हर त्या दिवशी नाही मोडला, तो वर्षभर थोडा थोडा चिरत होता आणि त्या दिवशी उरलेला चतकोर सुटला.

वेल्डिंग शाबूत आणि शेजारी तुटला, याचं कारण त्या बादलीत आहे. साधं नरम लोखंड असतं तर पाण्यात बुडवलेलं खपून गेलं असतं. पण अशा शाफ्ट-लिव्हरला बऱ्याचदा जरा कडक, जास्त कार्बनचं स्टील राहतं. ते लाल करून पाण्यात घातलं की वेल्डिंगच्या कडेचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो, लोहार पहार-कुदळीला पाणी पाजतो ना तेच हे, फक्त लोहार ते नंतर परत तापवून उतरवतो. वर दुसऱ्या वेळी जाड भरल्यानं उष्णता अजून जास्त लागली. कडक आहे की नरम ते ओळखायला ग्राइंडर लावून ठिणग्या बघा, सोबत एखादा साध्या एमएस, म्हणजे नरम लोखंडाच्या, पट्टीचा तुकडा घासून ताडून बघा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब सरळ रेघांच्या, फार फुटत नाहीत. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. कानस पण सांगते, कडक ठिकाणी ती घसरते.

पार्टचं म्हणाल तर एवढ्या जुन्या गाडीचा लिव्हर इथे दुकानात मिळेल अशी आशा ठेवू नका. बाहेरून मागवता येतो पण त्यासाठी गाडीच्या पाटीवरचा मॉडेल नंबर लागतो, तुमच्या गाडीवर पाटी आहे का ते तुम्ही लिहिलंच नाही. मी तर म्हणेन दोनदा भाजलेला तो तुकडा आता परत जोडूच नका, नवा करून घ्या. जळगावला एमआयडीसीत चटईच्या मशिनी, डाळमिली यांच्या एकेका सुट्या पार्टाचं काम करणारे लेथवाले आहेत, त्यांना असं एक नगाचं काम नवीन नाही, फक्त नमुना नीट न्या. नमुना म्हणजे सगळे तुकडे. मोडलेली तोंडं एकमेकांत बसवा, फुटलेल्या माठाचे तुकडे बसवतो तशी, प्लायवूडच्या फळीवर ठेवा आणि पेन्सिलनं बाहेरून पूर्ण रेघ मारा, शाफ्टचं भोक कुठे, पिनेचं भोक कुठे, दुसऱ्या टोकाचा हात कोणत्या कोनात, सगळं त्या फळीवर यायला पाहिजे. हा कोन फार महत्त्वाचा, तो पाच अंश जरी चुकला तरी लिव्हर पॅनलच्या खाचेत मधे आला असेल आणि पंप मात्र पुढे चाललेला असेल. दोनदा वेल्डिंग झाल्यावर तुमचा तो कोन आधीच बदललेला असू शकतो, म्हणून शक्यतो पहिला मूळ तुकडा शोधा, भंगारात टाकला नसेल तर. आणि शाफ्ट काढायच्या आधी मोबाइलवर चार बाजूनं फोटो काढा, स्प्रिंग, चकत्या, वॉशर कोणत्या क्रमानं निघतात ते एका तारेत तसंच ओवून ठेवा.

कापणी तोंडावर आहे आणि तात्पुरतं जोडायचंच असेल तर निदान हे तरी पाळा. लिव्हर आणि शाफ्ट गाडीवरून पूर्ण काढून न्या, गाडीवर ठेवून वेल्डिंग करू देऊ नका, शेजारी पेट्रोलची टाकी आहे आणि बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे बुश राहतात ते वितळतात. जुनं वेल्डिंग सगळं घासून काढा, वरचा चकाकता मुलामा पण घासून काढा, जस्त किंवा क्रोमचा धूर छातीला वाईट. जोडायच्या कडा दोन्ही बाजूनं तिरप्या घासून व्ही करा, मधे थोडी जागा. ठिणगी साधी निघाली तर नेहमीचा ६०१३ चा अडीच मिलीचा रॉड पुरतो. फुलबाजी निघाली तर ७०१८ घ्या, तो पण कोरडा, उघड्या पाकिटातला पावसाळ्याची हवा खाल्लेला नको. मग जोडायच्या आधी तुकडा पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचून उडेल इतका तापवून घ्या. एक टॅक, म्हणजे वेल्डिंगचा छोटा ठिपका, या बाजूला, एक त्या बाजूला, फळीवरच्या रेघेत ठेवून बघा, वाकडा असेल तर आत्ताच सरळ होईल. मग थोडं इकडून थोडं तिकडून असं भरा, एका दमात नाही. आणि झालं की चुलीतल्या कोरड्या राखेत पुरून ठेवा रात्रभर. वेल्डिंगवाला हसेल, हसू द्या. मुळाशी आधार म्हणून पाच मिलीची छोटी त्रिकोणी पट्टी लावली तर चालेल, तिचं टोक निमुळतं करून घासून घ्या, कुठे खाच राहायला नको, चीर नेहमी खाचेतून सुरू होते.

बसवताना शाफ्ट पॉलिश पेपरनं साफ, बुशला ग्रीस, बुश खडबड करत असेल तर लेथवाल्याकडून नवा गनमेटलचा. पण घर्षणाच्या चकत्यांना तेलाचं बोट पण लावू नका, त्या कोरड्याच पाहिजेत. नट चतकोर चतकोर आटा करून आवळा, लिव्हर सोडल्यावर जागेवर थांबला की बस.

आणि ते मुंगीच्या पावलानं सरकणं. खुंटाला व्हाइस ग्रिप लावून ते कळणारच नाही, लिव्हर नीट झाल्यावर बघा. बहुतेक वेळा रॉडच्या टोकाची भोकं घासून लांबट झालेली राहतात, लिव्हर मधे येतो पण त्या ढिलाईमुळे ताटली पूर्ण सरळ होत नाही. पिन भोकात घालून हलवा, खडखडली तर भोक भरून नवीन पाडा किंवा बुश घाला. मग न्यूट्रल जुळवायचं. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही, पुढच्या चाकांना दगड, जागा उघड्यावरची. इंजिन हळू, लिव्हर मधे, आणि दुसरा माणूस किल्लीपाशी. चाक पुढे फिरत असेल तर इंजिन बंद करून रॉडची लांबी एक-दोन आटे बदला, परत चालू करून बघा. पुढून मधे आणून बघा, मागून मधे आणून बघा, दोन्हीकडून चाक उभं राहिलं पाहिजे. मग रेस वाढवून परत एकदा. झालं की चेकनट, म्हणजे रॉडची लांबी धरून ठेवणारा नट, आवळा, तो विसरला की आठ दिवसांत परत तेच.

अजून दोन गोष्टी, तुम्ही विचारलेल्या नाहीत तरी. एक घड २०-२५ किलोचा धरला तर २० घडांची ट्रॉली चार-पाच क्विंटल होते, आणि हा ट्रॅक्टर मुळात गवत कापायला केलेला. ओल्या पाटातून ट्रॉली मागून ढकलत असताना पुढून सरळ मागे लिव्हर ओढला की सगळा हिसका तिथेच बसतो. मधे आणा, गाडी थांबू द्या, मग मागे घ्या. निम्मे घड भरा, एक फेरी जास्त होईल. दुसरं, पंपाच्या वर छोटा पंखा आणि बाजूला पट्ट्या राहतात, त्यात केळीची वाळलेली पानं अडकतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो तेव्हा तेल आधीच पातळ झालेलं, वर पंखा बुजलेला, मग दुपारी गाडी चढत नाही आणि लोक लिव्हर अजून पुढे रेटतात. आणि बंद गाडी ओढून न्यायची झाली तर पंपाचा बायपास, म्हणजे तेलाला मोकळी वाट देणारा व्हॉल्व्ह, उघडून, त्याशिवाय दहा फूट पण नाही.

प्रश्न : शिरपूरकडे शेती आहे. जुन्या पॉवर टिलरचा क्लचचा लिव्हर मोडला, तुकडा राखाडी दिसतो आणि वेल्डिंग केलं की शेजारून तडकतो. वर सांगितलेल्यासारखंच करायचं का?

उत्तर : नाही दादा, तुमचं बीड आहे, म्हणजे ओतीव लोखंड, वेगळा विषय. राखाडी, दाणेदार तोंड आणि छिन्नी मारली की कुरळा कीस न निघता चुरा पडतो, हीच त्याची ओळख. साधा रॉड लावला की तडकणारच. दोन रस्ते आहेत. एक, पितळेचं ब्रेझिंग, सुहागा टाकून गॅसवर, लिव्हरसारख्या कामाला मला तेच जास्त आवडतं कारण बीड वितळत नाही, पितळ नुसतं धरून बसतं. दुसरा, निकेलचा रॉड, महाग आहे पण एक-दोन पुरतात. एका वेळी एक इंचच भरायचं, गरम असतानाच हातोडीनं हलकं हलकं ठोकायचं, हात लावता येईल इतकं थंड झालं की पुढचा इंच. बादली तुम्हाला पण बंद, राख चालू. तुकडे फार असतील किंवा भोकाजवळच मोडला असेल तर या भानगडीत पडू नका, टिलर आपल्या भागात खूप विकले गेलेत, धुळ्या-शिरपूरच्या भंगारवाल्यांकडे त्याच मॉडेलचा जुना लिव्हर पडलेला असू शकतो. घेताना भोकात पिन घालून खडखड बघून घ्या आणि जुना मोडका नमुना सोबत न्या, नाहीतर डावीकडचा म्हणून उजवीकडचा देतील.